मेश्रामजींची मशीन आणि आमची मनगटं

परवा नातीला कॉम्प्युटरचा माऊस घ्यायचा होता. मोबाईलवर तिने मला एकेक माऊस दाखवला. एक उभा, एक चेंडू असलेला, एक हातात मावेल असा गोल. ‘‘आजी, मनगट दुखतं गं माझं. कोणता घेऊ?’’ मी म्हटलं, ‘‘आधी करंगळीला विचार.’’ तिला वाटलं आजीचं वय झालं. मग बसले सांगत. असे किस्से माणूस जमवत नाही, ते आपोआप साचतात. जुन्या कार्बन पेपरसारखे. फेकायचे म्हणून ड्रॉवर उघडावा आणि प्रत्येकावर कुणाचं तरी अक्षर दिसावं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या दगडी इमारतीत आमचं सरकारी ऑफिस होतं, आणि त्यात मागच्या बाजूला, सायकल स्टँडला लागून, टायपिस्टांची खोली. मेश्रामजी हेड टायपिस्ट. मग इंग्रजी मशीनवर पांडेजी, मराठीवर लीलाताई आणि मी. पुढे शकू आली. दिवसभर त्या खोलीत इतका खडखडाट असायचा की घरी गेल्यावर मी नवऱ्याशीही ओरडून बोलायचे. तो बिचारा कित्येक महिने समजत होता की मी त्याच्यावर चिडले आहे.

* * *

एकदा ऑफिसात नव्या मशीन आल्या. ट्रायलसाठी टेबलावर ओळीने मांडून ठेवल्या आणि ज्याने त्याने आपली निवडायची असं ठरलं. आता निवडायची म्हणजे काय? पांडेजींनी प्रत्येक मशीनचा वास घेतला. लीलाताईंनी प्रत्येकीवर ‘श्री’ टाइप केलं आणि सगळीकडे ते सारखंच उमटल्यामुळे जास्तच गोंधळल्या.

मेश्रामजी आले. डोळे मिटले आणि प्रत्येक मशीनवर फक्त करंगळीने कडेची एक की दाबत पुढे गेले. शेवटच्या मशीनपाशी थांबून म्हणाले, ‘‘हे माझी.’’

‘‘असं कसं?’’ मी विचारलं.

‘‘सुमनबाई, बाकी बोटं तगडी आहेत, ते कुठंही निभावून नेतात. करंगळी गरीब. तिले जड गेलं की ते मनगटाकडे तक्रार करते. म्हणून तिलेच विचारा लागते.’’

साहेबांचे पी.ए. मात्र मोठ्या ऐटीत आले आणि त्यांनी छान हिरव्या रंगाची मशीन उचलली. साहेबांच्या केबिनच्या पडद्यांना ती मॅच होत होती म्हणे. पावसाळा संपायच्या आत पी.ए. गळ्यात हात बांधून फिरू लागले. झोळीचं कापडही हिरवंच होतं.

* * *

लीलाताईंची सवय अशी की आल्याबरोबर दोन्ही हातांतल्या बांगड्या काढायच्या आणि पेपरवेटभोवती ठेवायच्या. बांगड्या घालून टाइप केलं की मनगट टेबलाच्या कडेवर घासतं, आणि किणकिण होते ती वेगळीच. एका संध्याकाळी त्या घालायला विसरल्या आणि ओक्या हातांनी घरी गेल्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाईंनी दारातच धरलं.

‘‘काहून वं, बांगड्या कुठं गेल्या?’’

‘‘ऑफिसात आहेत, आत्याबाई.’’

‘‘बांगड्याही नोकरी करून राहिल्या काय?’’

दुसऱ्या दिवशी सासूबाई रिक्षा करून थेट ऑफिसात! नऊवारी, हातात पिशवी, डोळ्यांत संशय. मेश्रामजींनी त्यांना खुर्ची दिली. त्या लीलाताईंच्या मागे बसल्या आणि बघत राहिल्या. त्या दिवशी कुठल्याशा चौकशीचा लांबलचक रिपोर्ट होता. लीलाताई मान वर न करता बडवत होत्या. मध्येच थांबून मनगट झटकायच्या, पुन्हा सुरू. आम्ही सगळे टाइप करायचं सोंग करत त्यांच्याकडे चोरून बघत होतो, आता ही बाई काय म्हणते म्हणून.

चहाच्या वेळी सासूबाई उठल्या. पेपरवेटभोवतीच्या बांगड्या पाहिल्या, उचलल्या नाहीत. सुनेचं मनगट हातात घेऊन दाबून बघितलं.

‘‘लीला, घरीबी काढूनच ठेवत जाय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पोळ्यांचं मी पाहीन.’’

* * *

आमच्या एका साहेबांना कॉप्यांचा भारी सोस. कुठलंही पत्र असो, आठ कॉप्या. म्हणजे आठ कागद, मध्ये कार्बन, आणि ती सगळी गादी रोलरवर चढवून असं बडवायचं की शेवटच्या कागदापर्यंत अक्षर पोचलं पाहिजे. संध्याकाळी हाताने साधं कुलूप लागत नसे. मी तर डाव्या हाताने जेवायला शिकले होते.

एक दिवस साहेबांनी आठवी कॉपी खोलीत आणून मेश्रामजींच्या टेबलावर टाकली. ‘‘हे वाचता येत नाही. तुमच्या लोकांचं कामात लक्ष नाही.’’

मेश्रामजी उठून उभे राहिले. स्वतःच्या हाताने आठ कागद, सात कार्बन लावून मशीन साहेबांपुढे सरकवली. ‘‘साहेब, एक लाइन आपण दाखवा मारून. म्हणजे पोरींना समजंल.’’

साहेब जिद्दीचे. कोट काढून बसले आणि एका बोटाने त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं. चांगलं लांब नाव होतं, आडनावापर्यंत पोचेतो कपाळाला घाम. मेश्रामजींनी गादी काढली, एकेक कागद उलगडत गेले. आठवा कागद कोरा.

‘‘हे तर उमटलंच नाही,’’ साहेब म्हणाले.

‘‘हो साहेब. थोडं मनगट लावा.’’

त्या दिवसापासून चार कॉप्या. आणि खरं सांगते, पुढे आमचं कुठलंही काम अडलं की हेच साहेब मेश्रामजींच्या शब्दावर सही करायचे.

* * *

मेश्रामजींचा शर्ट हा आमच्या ऑफिसातला एक चमत्कार होता. पांढराशुभ्र, नीळ घातलेला, कडक इस्त्रीचा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना माणूस जसा शर्ट घालेल तसा हा माणूस रोज घालायचा. टायपिस्टाच्या अंगावर पांढरा शर्ट म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. रिबन बदलायची म्हटली की आमचे हात कोपरापर्यंत काळे. मेश्रामजी रिबन बदलायचे ती दोन बोटांनी, बाकीचं अंग मागे ठेवून. इतक्या वर्षांत ठिपका म्हणून नाही.

होळीच्या आदल्या दिवशी ऑफिसात रंग चालायचा. पांडेजी गुलालाची पुडी घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. मेश्रामजी शांतपणे म्हणाले, ‘‘पांडेजी, हा शर्ट मी धुवत नाही. आमची मंडळी धुते. तिले विचारून या, मंग लावा.’’

पांडेजी म्हणजे पांडेजीच. सायकल काढली आणि खरोखर इंदोऱ्याच्या वस्तीत त्यांच्या घरी गेले! दुपार उलटल्यावर ढेकर देत परत आले.

‘‘क्या हुआ?’’ आम्ही विचारलं.

‘‘भाभीजीने मना कर दिया,’’ पांडेजी म्हणाले, ‘‘पण वडाभात असा होता सुमनबाई, की दुसऱ्यांदा विचारायची हिंमतच नाही झाली.’’

* * *

आता शकू. ही कुही गावाकडची पोरगी. वडील गेलेले, आई दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान लावायला जायची, मागे दोन भावंडं शाळेत. शकूची नोकरी कच्ची होती. सरकारी टायपिंगची परीक्षा पास झाली तर पक्की, नाहीतर घरी. दोनदा नापास झाली होती. आता ही शेवटची संधी उरली होती, आणि नेमकं तिचं उजवं मनगट सुजलं.

सुजणारच होतं. नव्या माणसाला जुनी मशीन, हा रिवाज. तिच्या वाट्याला आलेल्या मशीनला आम्ही रोडरोलर म्हणत असू. की दाबायला बोट नाही, कोपर लागायचं.

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, औषध एकच, आराम. शकूने अगदी सरळ मनाने विचारलं, ‘‘डॉक्टरसाहेब, ते कुठं भेटते?’’

मग आमचे इलाज सुरू झाले. लीलाताईंनी हळद-चुन्याचा लेप लावला, मी गरम मिठाची पुरचुंडी आणायचे. पांडेजींचं म्हणणं, नस चढली आहे, रामटेकला माझ्या ओळखीचा एक पहेलवान आहे, एका झटक्यात उतरवतो. रविवारी एस.टी.ने घेऊन गेले तिला. पहेलवान चांगला आडवातिडवा माणूस. मांडी ठोकून म्हणाला, ‘‘बोल बेटी, कौनसा हाथ?’’

शकूने त्याचे पंजे बघितले आणि अशी घाबरली, अशी घाबरली, की तिने चांगला होता तो डावा हात पुढे केला. कडाड् करून आवाज आला. पहेलवान खूश. ‘‘देखो, अब दुखता है?’’ शकू म्हणाली, ‘‘आता दुखते.’’

सोमवारी ती दोन्ही हात बांधून ऑफिसात आली. आम्ही हसलो, तीही हसली आणि हसता हसता रडायला लागली. ‘‘सुमनताई, मी नापास झाली तर आईले काय सांगू?’’ खोलीत एकही मशीन चालेना.

मेश्रामजींनी तिच्या टेबलावरचे सगळे कागद उचलले. आम्हाला वाटून टाकले, मोठा गठ्ठा स्वतःकडे ठेवला आणि म्हणाले, ‘‘शकू ऑफिसात आहे. तिचा हात सुट्टीवर आहे. बाहेर कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं.’’

कुणी विचारलं नाही. विचारणारे एकटे साहेब, आणि तेही त्या दिवसांत खोलीपाशी आले की खिडकीतून सायकल स्टँडकडे बघत पुढे जायचे.

* * *

सूज उतरल्यावर मेश्रामजींनी तिला नव्याने शिकवायला घेतलं. तिच्या हाताच्या पाठीवर घडी केलेला रुमाल ठेवायचे. टाइप करताना रुमाल पडला की थांबायचं. मनगट वर उचलायचं नाही, टेबलावर टेकवायचं नाही.

‘‘मले नाही जमत, मेश्रामजी.’’

‘‘काहून नाही जमत? तुझी आई धान लावते तवा हात कसा चालते तिचा? मूठ आवळून लावते काय? रोप चिखलात ठेवलं की हात मोकळा. तसं अक्षर ठेव. ठोकू नको.’’

एवढं ऐकून पोरीचा हात जो सुधारला! पण रोडरोलरवर रोप लावणार कसं? परीक्षेला मशीन आपापली न्यावी लागायची. आमच्या सगळ्यांच्या मशीन थोड्याफार जडच. हलकी एकच, मेश्रामजींची. त्या मशीनला आमच्यापैकी कुणी कधी बोट लावलं नव्हतं. मेश्रामजींच्या बायकोने, आमच्या काकूंनी, शिवलेलं तिचं कव्हर होतं, आणि चहाला जातानासुद्धा ते घातल्याशिवाय मेश्रामजी उठत नसत. दुसऱ्याचा हात बसला की मशीन बिघडते, हे त्यांचं ठाम मत.

एक दिवस त्यांनी कव्हर काढलं, घडी केली आणि शकूच्या मांडीवर ठेवली. ‘‘बस इथं. आजपासून परीक्षेपर्यंत हे तुझी.’’ बाहेर न्यायला साहेबांची सही लागत होती, ती आधीच आणली होती. स्वतः मात्र रोडरोलरवर जाऊन बसले. त्यांच्या कपाळावरची शीर दिसायची आम्हाला.

* * *

परीक्षा महाल भागातल्या एका शाळेत होती, सकाळी. आम्ही सगळे आधी ऑफिसात जमलो, दोन रिक्षा उभ्या. मेश्रामजींनी मशीन उचलली आणि पायरीवर टप टप टप असं काहीतरी गळायला लागलं.

तेल!

मेश्रामजींनी मशीन खाली ठेवली. कव्हर काढलं. आत फटीफटीतून तेल चमकत होतं, भज्याच्या कढईतून काढल्यासारखं. कागद घातला असता तर परीक्षकाला अक्षराऐवजी पारदर्शक पान मिळालं असतं. आणि डाग पडलेला पेपर तपासत नाहीत, असं सगळे म्हणायचे.

‘‘तेल कोणी घातलं?’’

लीलाताईंनी हळूच हात वर केला. आदल्या संध्याकाळी, पोरीला हलकं जावं म्हणून. मग पांडेजींनी. त्यांना लीलाताईंचं माहीत नव्हतं. मग मशीन दुरुस्त करणारे रहीमभाई दोन पावलं पुढे आले. ते खास पहाटे येऊन, चौकीदाराला उठवून, तेल घालून गेले होते.

मेश्रामजी मशीनकडे बघत राहिले. ‘‘तिघांच्यानं एवढं नाही होत.’’

‘‘मग चौथा कोण?’’ मी विचारलं.

‘‘चौथा मीच,’’ ते म्हणाले.

हसायलाही वेळ नव्हता. ऑफिसातली होती तेवढी फडकी आणली, सगळी चिंब झाली. माझा रुमाल, पांडेजींचा गमछा, सगळं संपलं. तोवर निघायची वेळ झाली. पुढच्या रिक्षात मेश्रामजी आणि शकू, मध्ये मशीन. मागच्या रिक्षात मी आणि लीलाताई. किल्ल्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा बघितलं, मेश्रामजींनी उजव्या बाहीचं बटण सोडलं होतं. बाही हातावर ओढून ते मशीनच्या आत हात घालत होते. एकेक की पुसत होते. वाटेत किती खड्डे, पण त्यांची मान वर होत नव्हती. शकू मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरायला गेली तर ओरडले, ‘‘तू हात लावू नको! तुझा हात परीक्षेत लागणार आहे.’’

शाळेच्या दारात ट्रायलचा कागद घातला. कडेला तेलाचा ठिपका. त्यांनी शर्टाचं पुढचं टोक ओढलं, रोलर पुसला, दुसरा कागद घातला. कोरडा निघाला. शकू आत गेली.

आम्ही बाहेर कडुलिंबाखाली. घंटा झाली आणि आतून एकदम सगळ्या मशीनचा पाऊस सुरू झाला. आम्हाला नुसता खडखडाट ऐकू येत होता. मेश्रामजी खिडकीखाली जाऊन कान देऊन उभे राहिले. त्या गदारोळात त्यांना आपली मशीन ऐकू येत होती. ‘‘चालली,’’ ते म्हणायचे, ‘‘चालून राहिली बरोबर.’’ मग एकदम चेहरा उतरला. ‘‘थांबली.’’

लीलाताईंनी माझा हात धरला.

‘‘काहून थांबली असंल?’’ मेश्रामजी स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले. कितीतरी वेळ गेला असं वाटलं. ‘‘हां,’’ ते म्हणाले, ‘‘हात झटकला तिनं. चालली पुन्हा.’’

शकू बाहेर आली तेव्हा आम्ही पेपर कसा गेला म्हणून गलका केला. मेश्रामजींनी पेपरचं नावही काढलं नाही. ‘‘हात कसा आहे?’’ एवढंच विचारलं.

‘‘आहे जागेवर,’’ शकू म्हणाली.

निकाल लागला त्या दिवशी तिने पहिला पेढा मेश्रामजींच्या मशीनपुढे ठेवला. कव्हर पुन्हा चढलं होतं. त्या शर्टाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी ते नेहमीसारखे पांढरेशुभ्र आले होते, आणि काकूंना काय सांगितलं असेल याचा अंदाज बांधून पांडेजी आठवडाभर हसत होते.

* * *

मेश्रामजी रिटायर झाले तेव्हा आमच्या खोलीत बरंच बदललं होतं. पांडेजी बदलीवर गेले होते, तरी त्या दिवशी मुद्दाम आले. शकू आता पक्की, नव्या पोरींना हातावर रुमाल ठेवून शिकवणारी. धाकटा भाऊ मास्तर झाला होता तिचा. रोडरोलर भंगारात गेला होता आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेला एक कॉम्प्युटर आला होता. त्याला हात लावायला सगळे घाबरायचे.

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे ठेवणीतले कपडे घालून आलेले. लीलाताईंची सासू वारली होती, पण सासूबाईंच्या हातची शिवलेली एक पिशवी होती ती घेऊन लीलाताई आल्या होत्या. नवे साहेब मुंबईहून आलेले, सुटाबुटातले, त्यांना आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मेश्रामजी आले. पांढरा शर्ट, नीळ घातलेला, इस्त्री अशी की बाहीच्या घडीने बोट कापावं. पण उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी होती, आणि पुढचं टोकही. खूप वेळा धुतलेला, न गेलेला डाग. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. शकू हार घेऊन पुढे गेली होती, ती त्या बाहीकडे बघत तशीच उभी राहिली. काकूंनी पदराने डोळे टिपले.

नव्या साहेबांना राहवलं नाही. हसत हसत, चार लोकांत, म्हणाले, ‘‘मेश्रामजी, आजच्या दिवशी तरी चांगला शर्ट घालायचा.’’

मेश्रामजींनी हारासाठी मान वाकवली आणि म्हणाले, ‘‘चांगलाच घालून आलो, साहेब.’’